पीडब्ल्यूडीची नोकरी सोडून कॅमेरा धरला, आणि निजामाने त्याला थेट राजा केलं

लग्नसराई जवळ आली की नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा?

मग उत्तरं सुरू होतात. एक जण कॅनन सांगतो, दुसरा निकॉन. तिसरा म्हणतो डीएसएलआरचा जमाना गेला, आता मिररलेस घे. चौथा आपला जुना कॅमेरा विकायला काढतो. तासाभरात दोनशे मेसेज पडतात, आणि विचारणारा होता त्यापेक्षा जास्त गोंधळतो.

बरं, प्रश्न साधा नसतो. हा कॅमेरा कुणी वडिलांच्या सोयाबीनच्या पैशातून घेणार असतो, कुणी हप्त्यावर. आधी लग्नं करायची, मग जमलं तर स्वतःचा स्टुडिओ टाकायचा, असं गणित त्यामागं असतं. चुकीची वस्तू घेतली तर वर्षभराची कमाई कपाटात पडून राहते.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका सरकारी नोकरासमोर होता. फरक इतकाच, की त्या काळी नवशिक्यासाठी सोपा कॅमेरा ही भानगडच नव्हती. जो होता तो अवघड होता. तरीही हा माणूस शिकला, पुढे नोकरी सोडली, आणि ज्या निजामाच्या राज्यात तेव्हा आपलं नांदेड आणि लातूर होतं त्या राज्याचा दरबारी फोटोग्राफर झाला.

त्याचं नाव राजा दीनदयाळ.

नाव राजा, पण जन्म सराफाच्या घरात

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा. गाव सरधना, उत्तर प्रदेशातल्या मेरठजवळचं. घराणं जैन, धंदा सराफीचा. म्हणजे घरात राजेपण नव्हतं आणि कॅमेराही नव्हता. पुढे नावाआधी जे राजा लागलं ते त्यांनी कमावलेलं आहे.

पोरगा हुशार निघाला म्हणून त्याला रुरकीच्या थॉमसन कॉलेजात घातलं. हे तेव्हाचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज. आज तिथं आयआयटी रुरकी आहे. तिथून १८६६ साली बाहेर पडल्यावर त्यांना इंदूरला नोकरी लागली. खातं बांधकामाचं, म्हणजे आजच्या भाषेत पीडब्ल्यूडी. काम एस्टिमेट काढायचं आणि नकाशे आखायचं.

आपल्याकडं पीडब्ल्यूडीतली नोकरी म्हणजे काय असतं हे सांगायला नको. पगार ठरलेला, मान ठरलेला, पोरीच्या बापाला सांगायला बरं. दीनदयाळांनी ही नोकरी सुखानं केली. आठ वर्षं त्यांनी इमारतींची मापं घेतली, भिंतीची जाडी मोजली, कमानीचा आकार कागदावर उतरवला.

ही आठ वर्षं वाया गेली असं कुणाला वाटेल. पण एखादी इमारत कुठून उभी बघायची, तिची रेघ सरळ कुठून दिसते, सकाळी तिच्या कोणत्या बाजूवर ऊन येतं आणि दुपारी कुठं सावली पडते, हे शिकवणारा दुसरा क्लास तेव्हा नव्हता. कॅमेरा हातात यायच्या आधीच दीनदयाळांची नजर तयार झाली होती.

१८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. वय तीस. तोही नोकरी सांभाळून, हौस म्हणून.

तेव्हाचा फोटो म्हणजे स्वयंपाकापेक्षा मोठा कुटाणा

आज कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फोटो मागच्या स्क्रीनवर दिसतो. नाही आवडला तर डिलीट करून दुसरा. दीनदयाळांनी जेव्हा सुरुवात केली तेव्हा काय करावं लागायचं ते एकदा वाचा.

त्या काळी वेट प्लेट नावाची पद्धत चालायची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने ती १८५१ साली लोकांपुढे आणली होती. आधी काच स्वच्छ पुसायची. त्यावर कोलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं आणि काच चारी बाजूंनी तिरकी करत ते सारखं पसरवायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. ओली काच तशीच लाकडी खोक्यात घालून कॅमेऱ्याला लावायची. फोटो घ्यायचा. आणि काच वाळायच्या आत, म्हणजे काही मिनिटांत, परत अंधारात पळत जाऊन ती डेव्हलप करायची.

काच वाळली की फोटो गेला. उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल याचा अंदाज मे महिन्यात लातूरला दोरीवर कपडे टाकणाऱ्याला बरोबर येईल.

म्हणजे गावाबाहेरच्या देवळाचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्यासोबत काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू असं सगळं बिऱ्हाड न्यावं लागायचं. उचलायला माणसं आणि बैलगाडी लागायची.

त्यात कॅमेरा मोठा. तोही का, तर तेव्हा निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवायची आणि तेवढ्याच आकाराचा फोटो छापायचा अशी रीत होती. मोठा फोटो पाहिजे तर काच मोठी, आणि काच मोठी तर कॅमेरा मोठा. दीनदयाळांच्या काचा ८ × १० आणि १० × १२ इंचांच्या असायच्या. आजच्या सुरुवातीच्या डीएसएलआरमधला सेन्सर साधारण २४ × १६ मिलिमीटरचा असतो. हिशेब केला तर दीनदयाळांची मोठी काच त्या सेन्सरच्या दोनशे पटींहून जास्त मोठी होती.

अजून एक गंमत. या कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर समोरचं दृश्य उलटं दिसायचं. डोकं खाली, पाय वर. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन त्या उलट्या चित्रावर फोकस करायचा. मग दुधी काच काढून तिथं फोटोची काच लावायची. म्हणजे प्रत्यक्ष फोटो निघतो त्या क्षणी फोटोग्राफरला भिंगातून काहीच दिसत नसे.

पुढच्या काळात याच अडचणीवर उपाय म्हणून एसएलआर कॅमेरे आले. डीएसएलआरमध्ये भिंगामागं एक आरसा तिरका बसवलेला असतो. तो दृश्य वर फेकतो, वरच्या भागात ते सरळ होतं आणि डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो खटाक आवाज येतो तो बराचसा त्या आरशाचाच. जे भिंगाला दिसतं तेच डोळ्याला दिसतं, ही सोय दीनदयाळांना नव्हती. त्यांना चित्र आधी मनात सरळ करावं लागायचं.

होळकरांचं इंदूर आणि पहिली मोठी संधी

इंदूर तेव्हा होळकरांचं. गादीवर महाराजा तुकोजीराव दुसरे. आपल्या राज्यात नोकरी करणारा एक ड्राफ्ट्समन फोटो चांगले काढतो हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला. त्यांच्यामुळे दीनदयाळांची ओळख सर हेन्री डेली यांच्याशी झाली. डेली म्हणजे मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांवर नेमलेला इंग्रजांचा बडा अधिकारी. इंदूरचं डेली कॉलेज त्याच्याच नावाचं.

१८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. हाच पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला. या दौऱ्यात फोटो काढायची संधी दीनदयाळांना मिळाली. हातात कॅमेरा येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

डेलीनंतर सर लेपेल ग्रिफिन आले. ते १८८२ साली बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी दीनदयाळांना सोबत घेतलं. किल्ले, देवळं, राजवाडे यांचे फोटो झाले आणि त्यातून १८८६ साली मध्य हिंदुस्थानातल्या प्रसिद्ध वास्तूंवर ग्रिफिन यांचं मोठं पुस्तक निघालं. त्यातले फोटो दीनदयाळांचे.

इथं जुनी नोकरी कामाला आली. ज्याने आयुष्यभर इमारतीचे नकाशे आखले, त्याच्या फोटोत खांब वाकडा येत नाही. कुठल्या कोपऱ्यातून घेतलं म्हणजे एका फोटोत वास्तूची उंची, रुंदी आणि खोली तिन्ही कळतील हे त्यांना एस्टिमेट काढताना पाठ झालं होतं.

कॅमेरा बदलला, तेव्हा माणूसही बदलला

याच काळात फोटोग्राफीत मोठी उलथापालथ झाली. रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७१ साली जिलेटिन वापरून कोरडी काच तयार करायची कल्पना मांडली होती. पुढच्या दहाएक वर्षांत अशा कोरड्या काचा कारखान्यात बनून डब्यात मिळायला लागल्या.

आता काच ओली ठेवायची गरज नाही. डब्यातून काढा, फोटो घ्या, परत डब्यात ठेवा आणि घरी आल्यावर निवांत डेव्हलप करा. शिवाय कोरडी काच जास्त संवेदनशील. जिथं आधी समोरच्याला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागायचं, तिथं आता सेकंदाच्या छोट्या भागात फोटो निघायला लागला. धावता घोडा, चालती फौज, शिकारीची धांदल हे सगळं पहिल्यांदा आवाक्यात आलं.

नवी पद्धत आली की जुने जाणकार नाक मुरडतात. दीनदयाळांनी तसं केलं नाही. अवघड पद्धत हातात बसलेली असताना त्यांनी सोपी पद्धत घेतली आणि वाचलेला वेळ कामात घातला.

१८८५ च्या सुमारास त्यांनी नोकरीतून दोन वर्षांची रजा काढली आणि देशभर फिरून देवळं, राजवाडे, किल्ले टिपले. त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांनी पीडब्ल्यूडी कायमची सोडली.

हा निर्णय आज वाचायला सोपा वाटतो. वय चाळिशीच्या पुढं, घरात मुलं, आणि धंदा असा, ज्यात गिऱ्हाईक म्हणजे राजेरजवाडे. गिऱ्हाईकाची मर्जी फिरली की धंदा बसला. तरी त्यांनी उडी घेतली. पण नीट बघितलं तर ही आंधळी उडी नव्हती. हातात कॅमेरा आल्यापासून दहा-बारा वर्षं त्यांनी पगार चालू ठेवून काम शिकलं होतं, नाव केलं होतं, गिऱ्हाईक जोडलं होतं. राजीनामा त्यानंतर आला.

निजामाच्या राज्यात

हैदराबादला तेव्हा सहावा निजाम, मीर महबूब अली खान. जन्म १८६६ चा, म्हणजे ऐन तारुण्यात. शिकारीचा शौकीन, दिलदार आणि फोटोची हौस असलेला. त्याने दीनदयाळांना दरबारी फोटोग्राफर नेमलं. इंदूरमध्ये स्टुडिओ होताच, आता सिकंदराबादला दुसरा झाला. १८९६ साली मुंबईतही स्टुडिओ उघडला.

निजामाचं राज्य म्हणजे काही फक्त चारमिनार नाही. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, धाराशिव हा आपला सगळा मुलूख त्यात होता. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ साली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तर बिदर जिल्ह्यात मोडायचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचंच राज्य होतं. म्हणून दीनदयाळ हे मराठवाड्याच्या इतिहासातलंही नाव आहे.

निजामाच्या मुलखाचे फोटो काढताना त्यांनी मराठवाड्यातही कॅमेरा लावला. वेरूळचं कैलास लेणं, दौलताबादचा किल्ला यांचे त्यांचे फोटो आजही अभ्यासक काढून बघतात. वरून खाली खोदलेलं आख्खं देऊळ एका काचेवर उतरवायचं तर कुठं उभं राहायचं, कोणत्या वेळेला जायचं, हे आजही वेरूळला गेलेल्या फोटोग्राफरला पडणारं कोडं आहे.

१८९२ साली त्यांनी हैदराबादला एक वेगळाच स्टुडिओ काढला. फक्त बायकांसाठी. पडद्यात राहणाऱ्या घरंदाज स्त्रिया परक्या पुरुषासमोर फोटोला बसणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून उंच भिंतींच्या आड जनाना स्टुडिओ थाटला आणि त्याची जबाबदारी मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे दिली. गिऱ्हाईक येत नाही म्हणून हात चोळत बसायचं नाही, गिऱ्हाईकाची अडचण दूर करायची, हा त्यांचा धंद्याचा हिशेब.

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. ज्या शिकागोत त्याच वर्षी विवेकानंदांचं भाषण गाजलं, तिथंच दीनदयाळांचे फोटोही लागले होते.

१८९४ साली निजामाने त्यांना किताब दिला. राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे लढाई. लढवय्या सरदारांना मिळणारा किताब एका फोटोग्राफरला मिळाला. सराफाच्या घरातला, पीडब्ल्यूडीतला ड्राफ्ट्समन आता राजा झाला होता. १८९७ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाकडूनही राजमान्यतेचं पत्र आलं.

ज्या फोटोत दागिने नाहीत

दीनदयाळांचं नाव काढलं की मोत्यांच्या माळा घातलेले राजे, मेलेल्या वाघाशेजारी उभे राहिलेले साहेब, झुंबरांचे महाल असलेच फोटो डोळ्यापुढे येतात. पण त्यांच्या कॅमेऱ्याने मराठवाड्यात अजून काहीतरी पाहिलं.

१८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या राज्यात सरकारी मदतीची कामं सुरू झाली आणि त्या कामांचे फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओने काढले. त्यातला औरंगाबादचा एक फोटो बघितला की माणूस गप्प होतो. कमरेला फक्त लंगोटी असलेली तरुण पोरं रांगेत बसली-उभी राहिलेली आहेत. बरगड्या मोजता येतात.

हे फोटो अल्बममध्ये लागले ते सरकारने केलेलं चांगलं काम दाखवायला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात ते गेले. सरदारांच्या फोटोखाली सरदाराचं नाव, हुद्दा, कधी कधी तारीखसुद्धा. या पोरांच्या फोटोखाली नाव नाही. ती कुठल्या गावची, कुणाची, पुढं जगली का, काहीच कळत नाही.

दीनदयाळांची यात चूक किती आणि त्या काळाची किती, यावर वाद घालता येईल. ते दरबारी फोटोग्राफर होते, दरबाराने सांगितलेलं काम करत होते. पण एक गोष्ट खरी. कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि पैसे कोण देतंय, यावर कोणाचं नाव राहणार हे ठरत होतं.

शेवटची वर्षं

इकडं धंद्यावर दुसरंच संकट येत होतं. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. हातात मावणारा, आत शंभर फोटोंचा रोल, किंमत २५ डॉलर. फोटो संपले की कॅमेराच कंपनीला पाठवायचा, कंपनी फोटो छापून नवा रोल भरून देणार. नवशिक्यासाठी सोपा कॅमेरा जो म्हणतात, तो इथून सुरू झाला. जे काम जाणकारच करू शकत होता, ते आता हौशी माणूस करू लागला.

दीनदयाळांना दोन मुलगे, ज्ञानचंद आणि धरमचंद. दोघंही वडिलांच्या धंद्यात. १९०४ साली धरमचंद गेले. त्यानंतर वर्षभरातच, १९०५ मध्ये दीनदयाळांनी जगाचा निरोप घेतला.

मागे उरल्या त्या काचा. फुटणाऱ्या, बुरशी धरणाऱ्या, जड काचा. त्या घराण्याने सांभाळल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या २,८५७ निगेटिव्ह आपल्याकडे घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. स्टुडिओत काचांवर नंबर टाकायची शिस्त होती, म्हणून आज शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणता फोटो कधीचा हे अभ्यासकांना लावता येतं.

मग पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येऊ. दीनदयाळांची गोष्ट समोर ठेवली तर उत्तर बरंच सोपं होतं.

पहिलं म्हणजे, मेगापिक्सेलवरून भांडू नका. आजच्या साध्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो सुमारे ६००० × ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर तो २० × १३ इंचांचा निघतो, म्हणजे दीनदयाळांच्या मोठ्या काचेपेक्षाही मोठा. लग्नाच्या अल्बमला तेवढं पुरून उरतं.

दुसरं, सगळे पैसे बॉडीवर घालू नका. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांसारखी सुरुवातीची मॉडेल शिकायला भरपूर झाली. सोबत येणारी १८-५५ ची लेन्स वाईट नसते. हातात पैसे उरले तर ५० एमएमची एफ १.८ लेन्स घ्या. तिचं तोंड जास्त उघडतं म्हणून मंगल कार्यालयातल्या कमी उजेडात ती साथ देते. त्यानंतर ट्रायपॉड, जादा बॅटरी आणि चांगलं मेमरी कार्ड.

तिसरं, मित्राकडे ज्या कंपनीचा कॅमेरा आहे त्याचा आधी विचार करा. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. गावात ज्याच्याकडून लेन्स मागून आणता येईल, अडलं तर विचारता येईल, तो माणूस कॅटलॉगपेक्षा जास्त कामाचा.

चौथं, सेकंडहँडला घाबरू नका, पण तपासून घ्या. शटर किती वेळा पडलं आहे ते विचारा. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीची जाळी आहे का बघा. एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.

पाचवं, बाजार बदलतोय हे माहीत असू द्या. मोठ्या कंपन्यांचं नवं काम आता मिररलेसवर चाललंय. म्हणून जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात, आणि शिकणाऱ्यासाठी ही संधीच आहे. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ एकदा हातात बसले की मिररलेसवर जायला वेळ लागत नाही. दीनदयाळ ओल्या काचेवरून कोरड्या काचेवर गेले, तसंच हे.

आणि नोकरी असेल तर लगेच सोडू नका. दीनदयाळांनी दहा-बारा वर्षांनी सोडली होती.

कॅमेरा घरी आला की ऑटो मोडवरून खाली उतरा. नांदेडकरांनी होट्टलच्या देवळावर सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळेला एकाच जागेवरून फोटो काढावा. ऊन काय करतं हे एका दिवसात कळेल. लातूरकरांनी खरोसा लेण्यात ट्रायपॉड लावून कमी उजेडात शटर उघडं ठेवून बघावं. माळेगावच्या यात्रेत धावता घोडा टिपायचा तर उलट शटर किती वेगात पडलं पाहिजे, ते तिथंच शिकता येतं.

आणि एक काम दीनदयाळांच्या स्टुडिओपेक्षा जास्त नीट करता येईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. जुनी गावं जमीनदोस्त झाली आणि नवी दुसऱ्या जागेवर वसली. त्या जुन्या गावातली गल्ली, चिरेबंदी वाडा, पारावर बसलेली म्हातारी माणसं आज नातवाला दाखवायची तर आधी कुणीतरी काढलेला फोटोच लागतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याच्याकडे गाव आहे.

म्हणून पहिला फोटो आजीचा काढा. मग शेताचा, सालगड्याचा, शाळेचा, बाजाराचा. फाइलला नाव देताना माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख टाका. दोन ठिकाणी सेव्ह करा. एक चांगला फोटो कागदावर छापून त्या माणसाच्या घरी नेऊन द्या.

औरंगाबादच्या त्या दुष्काळी फोटोतल्या पोरांची नावं आता कुणालाच सापडणार नाहीत. आपल्या गावच्या माणसांची नावं अजून विचारता येतात.